मैदानाकडे पाठ

दनार पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याच्या एका हातात माझा लाल चेंडू होता, दुसऱ्या हातात तळलेल्या टेंपेचा, म्हणजे सोयाबीनच्या वडीचा तुकडा, आणि तोंडाचा पट्टा चालू होता.

"हा तुमचाच ना, म्बाक? माझ्या गाडीखाली येऊन थांबला. आधी वाटलं कुणाचं फळ पडलं, उचललं तर चामड्याचं निघालं! उसळतही नाही मेला. आणि ही काय… घसरगुंडी? एवढुशी? लहान मुलांची का?"

जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या आमच्या सरावाच्या हॉलबाहेर तो आल्याचं गरम पेय, भाताच्या पुड्या आणि तळणाची गाडी लावायचा. म्बाक म्हणजे ताई. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून मी म्बाक आणि तो नुसता दनार.

"लहान मुलांची नाही, माझी आहे," मी म्हटलं. "हात फेकू शकत नाहीत म्हणून चेंडू त्यावरून सोडते. चेंडू दे आणि जा. तेलकट बोटं लागली त्याला."

"पुसून देतो की!" आणि त्याने खरंच तो आपल्या शर्टाला पुसला.

त्याच दिवशी आमच्या प्रशिक्षक बु पुर्वांती यांनी माझ्या आईला सहायकाच्या कामावरून काढलं होतं. बु म्हणजे बाई, आई, मॅडम, सगळं एकात. बोच्चा हा आमचा खेळ तसा साधा. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले चेंडू पोचवायचे, बस्स. माझ्यासारखीला घसरगुंडी हलवायला एक सहायक मिळतो. पण त्याला मोठी अट असते. त्याने मैदानाकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून बसायचं. वळून बघायचं नाही आणि अवाक्षर काढायचं नाही. मी बोलायचं, त्याने ऐकायचं. त्याने तोंड उघडलं की समोरच्याला एक जादा चेंडू बहाल. माझी आई तीन वेळा "अगंबाई!" म्हणून वळली आणि राष्ट्रीय निवडीत आम्ही कशाबशा वाचलो.

बुंनी कुबडी टेकत दनारकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ए पोरा, गप्प बसता येतं का?"

"बु, आमच्या अख्ख्या गल्लीत मला कुणी…"

"येतं का?"

त्याने तोंड मिटलं. मान हलवली. आणि जो समोर येऊन बसला तो जवळजवळ तीन वर्षं माझ्यासमोरच बसला.

मैदानाकडे पाठ केलेल्या माणसाला बघायला काय उरतं, सांगा बरं? फक्त माझा चेहरा. चेंडू कुठे गेला, जवळ गेला का फसला, हे सगळं तो माझ्या तोंडावर वाचायचा. मी ओठ चावला की त्याच्या भुवया वर. मी हसले की त्याचे कान लाल. घरात आरशातसुद्धा मला इतक्या निरखून कुणी पाहिलं नव्हतं. माझ्या व्हीलचेअरकडे बघणारे पुष्कळ भेटले होते. हा नुसता माझ्याकडे बघायचा, आणि तेही नियमाप्रमाणे! तक्रार तरी कोणाकडे करणार?

डाव संपला की मात्र धरण फुटायचं.

"म्बाक वेनिंग, तो चौथा चेंडू गेला ना काठाला? मला कळलं! तुमचं नाक असं झालं होतं."

"माझं नाक कसलंही होत नाही."

"होतं. हरताना डावीकडे, जिंकताना वर. मी तुमच्या नाकाचा मोठा अभ्यासक आहे."

"आधी मिसरूड फुटू दे, मग अभ्यास कर."

"फुटलं तर मला मास म्हणाल?"

आमच्या जावात मोठ्या भावाला मास म्हणतात, अनोळखी दादालाही म्हणतात. पण वयाने लहान असलेल्या पुरुषाला बाई मास म्हणते ते एकाच नात्यात… आणि ते नातं काय, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून तर विचारायचा, लबाड.

बुंचा एक नियम होता. कॅम्पात प्रेमबिम चालणार नाही. मागे एका जोडीचं जमलं, मग बिनसलं, आणि पठ्ठ्याने भर सामन्यात रागाने घसरगुंडी भलतीकडेच धरली. तेव्हापासून बुंनी जाहीर केलं होतं, "स्पर्धा संपेपर्यंत खेळाडू आणि सहायक यांच्यात काही शिजतंय असं दिसलं, की जोडी फोडणार. रडलात तरी फोडणार."

आणि दनारनेही पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "मी स्पर्धेपर्यंत आहे, म्बाक. मग जपान. भाषेचा वर्ग लावलाय. तिथे कारखान्यात तीन वर्षं."

म्हणजे मी मनातलं बोलले तर तो आज जाणार, नाही बोलले तर स्पर्धेनंतर जाणार. माझी झोप तेव्हापासून उडाली.

आता ही स्पर्धा म्हणजे काय, ते बुंच्याच तोंडून ऐकावं. आग्नेय आशियातल्या आम्हा अपंग खेळाडूंचा हा मेळा दोन हजार एक साली क्वालालंपूरला सुरू झाला. बु तेव्हा टेबल टेनिस खेळायला गेल्या होत्या. "तेव्हापासून रीत एकच," त्या म्हणायच्या. "आधी धडधाकटांचे खेळ, मग त्याच गावात आपले. त्यांची पंगत उठली की आपली पानं मांडायची. एकदा तर आम्ही पोचलो तेव्हा माणसं शिडीवर चढून कमानी उतरवत होती. मी खालून ओरडले, अहो, राहू द्या, आम्ही पण आलोय!"

दोन हजार अकराला ही स्पर्धा आमच्या सोलोत आली होती. मी तेव्हा शाळेत होते. बाबांनी मला मिरवणूक दाखवायला नेलं. रस्ताभर व्हीलचेअर, कुबड्या, पांढऱ्या काठ्या, कृत्रिम पाय… आणि सगळे हात हलवत चाललेले, नटून-थटून. आपल्यासारखी माणसं एवढी असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. बाबा पुढच्या वर्षी गेले. पण त्या दिवशी मी त्यांना म्हणाले होते की मी यात जाणार, आणि ते म्हणाले होते, "जाशील की."

असं जिचं स्वप्न पाहिलं, ती स्पर्धा होऊ नये म्हणून मी प्रार्थना करू लागले. हसू नका.

दोन हजार वीसची स्पर्धा फिलिपीन्समध्ये व्हायची होती. आमच्या बॅगा भरलेल्या. आधी पुढे ढकलली, मग महामारी आली, मग रद्दच झाली. कॅम्पात रडारड. बु खोलीतून बाहेर आल्या नाहीत. मीही रडले… पण खरं सांगू? रडताना आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटत होतं. जपानचे दरवाजेही बंद झाले होते. दनार कुठेही जाणार नव्हता.

"वाईट वाटतंय?" त्याने विचारलं होतं. खिडकीच्या पलीकडून, तोंडाला फडकं बांधून. आमच्या गल्लीत तेव्हा बाहेरच्यांना येऊ देत नसत. भाताची पुडी द्यायच्या निमित्ताने तो यायचा.

"खूप," मी म्हटलं.

"नाक तर वर गेलंय."

मी खिडकी लावून घ्यायला आईला हाक मारली.

पुढची व्हिएतनाममध्ये, एकवीसच्या शेवटी. तीही रद्द. धडधाकटांचे खेळ तिथे नंतर झाले, आमचे राहिले. "त्यांना पान वाढलं आणि आपल्याला निरोप पाठवला," बु म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी कुबडी भिंतीवर आपटली.

मला पुन्हा बरं वाटलं, आणि पुन्हा स्वतःची लाज वाटली. कारण त्या दीड वर्षात माझं बोट गेलं होतं. ज्या एका बोटाने मी चेंडू ढकलायचे, ते उठेनासं झालं. माझा आजार तसाच आहे, हळूहळू एकेक वस्तू परत मागून नेणारा. मग बुंनी डोक्याला बांधायचा पट्टा आणला, त्याला पुढे एक दांडी. आता मान हलवून चेंडू सोडायचा. पट्टा रोज दनार बांधायचा. आधी केस बाजूला करायचा, कानामागचे, मग कपाळावरचे. बोटांना आल्याचा वास. इतका बडबड्या माणूस, पण तेवढ्या वेळात एक शब्द बोलायचा नाही… आणि माझा श्वास कुठे जायचा देव जाणे.

"घट्ट झाला?"

"नाही."

"सैल?"

"नाही. दनार… तू अजून का येतोस रे? गाडी सोडून?"

"स्पर्धेपर्यंत म्हणालो होतो ना. स्पर्धाच होत नाही, मी काय करू?" तो हसला. "जपान उघडतही नाही."

बघा! तो माझ्यासाठी थांबला होता का दरवाजा बंद म्हणून थांबला होता? स्पर्धा आणि जपान दोन्ही बंद असताना कळायला मार्गच नव्हता. त्या प्रश्नाने माझं डोकं पोखरलं. एकदा पत्र्यावर पाऊस इतका कोसळत होता की हॉलमध्ये माझंच मला ऐकू येईना. त्याला माझे ओठ वाचावे लागत होते. मी "डावीकडे, अजून डावीकडे" म्हणता म्हणता आवाज न काढता म्हटलं, जाऊ नकोस. त्याने घसरगुंडी डावीकडे केली. कळलं नसावं. का कळलं? त्या दिवशी डाव संपल्यावर तो नेहमीसारखा बोलला नाही एवढं खरं.

आणि मग बावीसच्या सुरुवातीला बातमी आली. स्पर्धा होणार. कुठे? तर आमच्याच सोलोत! आधी कुणाची पंगत नाही, कुणाच्या उतरवलेल्या कमानी नाहीत. आमच्यासाठी आमच्या गावाने मांडलेलं पान. बु लहान मुलीसारख्या हसत सुटल्या. आईने शेजारपाजाऱ्यांना नारळाच्या दुधातला भात वाटला. त्याच महिन्यात जपाननेही दरवाजे उघडले.

"तारीख आली, म्बाक," दनार म्हणाला. "स्पर्धा संपली की त्याच आठवड्यात."

"अरे वा," मी म्हटलं.

"अरे वा?"

"मग काय म्हणू?"

त्याने माझ्या नाकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "काही नाही," आणि पट्टा सोडायला लागला.

स्पर्धेत आम्ही एक सामना जिंकलो, एक हरलो. तिसरा थायलंडच्या एका शांत मुलीशी होता. तिची घसरगुंडी तिची आईच धरायची, आणि ती बाई माझ्या आईसारखी वळत नव्हती. जी जिंकेल ती पुढे जाणार, जी हरेल तिची स्पर्धा तिथेच संपणार. हॉल आमच्या गावच्या माणसांनी भरला होता. पंचबाई फिलिपीन्सच्या. त्यांना आमची जावानी भाषा कळण्याचं काही कारण नव्हतं.

हरले तर आजच शेवट. जिंकले तर आणखी एक-दोन दिवस… आणि मग शेवट. समोर दनार. पाठ मैदानाकडे, डोळे माझ्यावर. चेहरा पांढराफटक. तोही घाबरला होता, पण कशाला ते मला वाचता येत नव्हतं.

शेवटच्या डावात मी एका गुणाने पुढे होते. माझा एकच चेंडू उरला होता. तेवढ्यात मनात आलं, बोलायचं तर इथेच. बाहेर बोलले तर हा थट्टा करेल, नाहीतर मन न दुखावता नाही म्हणेल, आणि ते मला सोसणार नाही. इथे याला तोंड उघडायची बंदी आहे. बोलून मोकळी होईन, उत्तर नको.

"डावीकडे," मी म्हटलं. त्याने घसरगुंडी सरकवली. "अजून थोडी. बस. आता चेंडू जरा वर घे… मास."

त्याचा हात जागच्या जागी थांबला.

"काय म्हणालीस?"

मोठ्याने! अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं! तीन वर्षं ज्याने नियम मोडला नाही, तीन वर्षं जो मला तुम्ही-तुम्ही करत होता, तो भर सामन्यात म्हणाला, काय म्हणालीस. पंचबाईंचा हात वर गेला. बुंनी कपाळाला हात लावला. दनारने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं, पण उशीर झाला होता.

माझा शेवटचा चेंडू कुठे गेला ते मला आठवत नाही. थायलंडच्या मुलीला जादा चेंडू मिळाला, तिने तो त्यासाठी आखलेल्या चौकटीच्या मधोमध शांतपणे नेऊन ठेवला आणि एक गुण घेतला. बरोबरी. आता निकालासाठी आणखी एक डाव.

दनारच्या डोळ्यांत पाणी होतं. बोलता येत नव्हतं, पुसायलाही सुचत नव्हतं. तीन वर्षांची मेहनत आपल्या एका वाक्याने घालवली असं त्याला वाटत असणार. त्याने तरी घालवली का मी? आणि का कोण जाणे, मला एकदम निवांत वाटलं. जायचं ते गेलं होतं. आता भीती कसली?

"उजवीकडे," मी म्हटलं. सूर खेळातलाच ठेवला. "अजून. बस." मान हलवली, चेंडू सुटला. बरा गेला. "दुसरा घे. दनार, तू जपानला जा. मी अडवणार नाही. डावीकडे."

तो घसरगुंडी सरकवत होता.

"थोडी खाली. पण मग परत ये… माझ्याकडे. बस, इथेच."

चेंडू सुटला. लोक ओरडले. मी तिकडे पाहिलंही नाही.

"तीन वर्षांनी मी आजची नसेन. बोट गेलं, तशी ही मानही जाईल कदाचित. मग खेळ नसेल, पट्टा नसेल, तुला बांधायला काही नसेल. उजवीकडे… अजून उजवीकडे… नीट विचार कर. दया नको मला. तसलं असेल तर तिकडेच राहा, खुशाल राहा." माझा आवाज फाटला. पंचबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईने म्हटलं, "वर घे चेंडू! वर!"

त्याने चेंडू वर घेतला. तो सुटला, त्यामागून पुढचेही सुटले. डोळे माझ्या चेहऱ्यावरून हलत नव्हते.

"शेवटचा आहे हा. आता नीट ऐक. मी तुला मास म्हटलं ते चुकून नाही. तू परत येणार असशील, सगळं ऐकून, तर गप्प बस. नसशील तर बोल. एक चेंडू गेला तर गेला, बोलून टाक. मला खोटं गप्प बसणं नको."

घड्याळ पळत होतं. त्याचे ओठ हलले… मी डोळे मिटले. मग उघडले. ओठ मिटलेले होते, घट्ट.

मी मान हलवली आणि चेंडू सोडला.

पंचबाई वाकल्या, मोजमाप झालं. त्या मुलीचा चेंडू जवळ होता. बोटभर अंतराने. तिच्या आईने तिला मिठी मारली. लोकांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या, मग माझ्यासाठी, आणि माझ्यासाठी जास्त वेळ वाजवल्या. कुणीतरी माझं नाव घेऊन ओरडत होतं. आई गर्दीतून वाट काढत रडत येत होती.

आणि माझ्या काळजात तीच जुनी सुई. तो गप्प होता, पण नियमच गप्प बसायचा! खेळ वाचवायला गप्प बसला का माझ्यासाठी? कसला मूर्ख प्रश्न विचारला मी, कसल्या जागी विचारला! माणसाला बोलायची सोय नाही तिथे त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ काय काढणार?

बु कुबडी टेकत आल्या. मला वाटलं आता आमची हजामत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"खेळलीस छान. संपली तुमची स्पर्धा." मग दनारकडे वळून म्हणाल्या, "आणि माझा नियम स्पर्धा संपेपर्यंतचाच होता. अरे, मी काय आंधळी आहे? आपल्या कॅम्पातल्या आंधळ्यांनासुद्धा केव्हाच कळलंय!"

दनार माझ्यासमोरच बसून राहिला.

"पोरा, सामना संपला. उठ आता. वळ, बघ तरी कितीने हरलात ते."

तो वळला नाही. मैदानाकडे पाठच होती. त्याने पुढे होऊन माझ्या डोक्याचा पट्टा सोडला, केस कानामागे घेतले, आधी हे, मग ते. ओठ तसेच मिटलेले, आणि कान लालभडक.

आई येऊन पोचली. तिने माझे गाल पुसले, मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "याला काय झालं? एरवी ऐकवत नाही याची बडबड. ए दनार! बोल की रे काहीतरी!"

त्याने मान हलवली. नाही. आणि माझ्याकडे बघत राहिला.

"दातखीळ बसली की काय?" बुंनी त्याला कुबडीने ढोसलं. "आता कुणी जादा चेंडू देत नाही त्या पोरीला. बोल!"

माझं नाक कुठल्या दिशेला गेलं होतं ते त्यालाच ठाऊक. मला हसू आवरेना आणि रडूही.

"नका हो त्याला बोलायला लावू," मी म्हटलं. "मास मला उत्तर देतोय."